तळ्यातील मासळी आणि ग्राहकाची पसंती

भंडारा, गोंदिया व चंद्रपूर या जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांत पावसाळ्यात रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडले जाते. मासळी विक्रीयोग्य होण्यास साधारणतः एक वर्ष लागते. कोणते बीज सोडावे, किती वजनाची मासळी काढावी, ती जिवंत विकावी की बर्फात ठेवून, हे निर्णय चुकल्यास मच्छीमार सहकारी संस्थेचे वर्षभराचे श्रम व ठेक्याची रक्कम दोन्ही धोक्यात येतात.

‘कोणती मासळी आवडते?’ असे सरळ विचारल्यास ‘ताजी, मोठी व स्वस्त’ हेच उत्तर बहुधा मिळते. प्रत्यक्ष बाजारात मात्र ग्राहकाला एक गुण मिळविण्यासाठी दुसरा सोडावा लागतो. ही तडजोड मोजणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीस ‘संयुक्त विश्लेषण’ म्हणता येईल. ल्यूस व ट्यूकी यांनी १९६४ मध्ये तिचा गणिती पाया घातला. ग्रीन व राव यांनी १९७१ मध्ये ती विपणनशास्त्रात आणली.

समजा, मासळीच्या तीन जाती, तीन दर, दोन वजने आणि जिवंत व बर्फातील असे दोन प्रकार घेतले. त्यांच्या एकूण ३६ जुळण्या होतात. इतक्यांची तुलना करणे ग्राहकास अवघड असते. म्हणून समतोल आराखड्याने त्यांतील ९ जुळण्या निवडून प्रत्येकीचे सचित्र कार्ड करतात. ग्राहक ती पसंतीच्या क्रमाने लावतो. या क्रमांवरून समाश्रयण या गणिती रीतीने प्रत्येक गुणाचे वेगळे मूल्य काढता येते.

उदाहरणार्थ, किलोमागे २० रुपयांच्या सवलतीने पसंतीत २ गुणांची आणि मासळी जिवंत असल्याने ३ गुणांची भर पडते, असे आढळले. तर जिवंतपणाचे मोल किलोमागे ३० रुपये ठरते. मासळी जिवंत पोहोचविण्याचा जादा खर्च याहून कमी असेल, तरच तो करणे हिताचे.

नमुना निवडताना आठवडी बाजार व शहरी बाजार या दोहोंतील ग्राहक घ्यावयास हवेत. त्यांच्या आवडी भिन्न असू शकतात. शिवाय कार्ड निवडताना खिशातून पैसा जात नाही. म्हणून निष्कर्षांची पडताळणी थोड्या मालाच्या प्रत्यक्ष विक्रीने करणे इष्ट होय. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी अशा पाहणीस साहाय्य केल्यास, बीज तलावात पडण्यापूर्वीच संस्थेस बाजाराचा कल कळू शकेल.