पेन्शनर, वय वर्षं ३८

ज्या वयात आपण होमलोनचं आणि तिसऱ्या जॉबचं गणित मांडत असतो, त्या वयात फौजी रिटायर होतो. पुढे काय? गेटवरची ड्युटी? काही जणांनी याचं जरा वेगळंच उत्तर दिलंय.

तुमच्या आयटी पार्कच्या गेटवर एक काका असतात बघा. मिशा टोकदार, बूट चकचकीत. बाकीचे गार्ड मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले असताना हे मात्र ताठ उभे. तुम्ही कार्ड स्वाइप करता, ते कडक सलाम ठोकतात. तुम्हाला उगाचच मॅनेजर झाल्यासारखं वाटतं. कधी विचारलंयत त्यांना, 'काका, कुठली पलटण?' विचारा. पुढची दहा मिनिटं तुमची मीटिंग बोंबलली म्हणून समजा!

आता गंमत ऐका. आपण ज्यांना 'काका' म्हणतो, ते फौजेतून सुटले तेव्हा बहुधा चाळिशीच्या आसपासच होते. जवानाला पेन्शन मिळायला १५ वर्षांची नोकरी पुरते. अठराव्या-विसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान गावी परततो. अंगात रग शाबूत, मुलं शाळेत, आणि हातात पेन्शन बुक. आपल्या तिन्ही सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार माणसं अशी बाहेर पडतात. प्रशिक्षित, धडधाकट, दिलेल्या वेळेवर हजर राहणारी. एचआरवाल्यांच्या भाषेत सांगायचं, तर 'रेडी टॅलेंट पूल'!

या टॅलेंटचं आपण काय करतो? बहुतेकांना सिक्युरिटीत उभं करतो. सरकारनं २००२ साली माजी सैनिकांसाठी 'मेस्को' हे महामंडळ काढलं, त्याचंही मोठं काम सुरक्षारक्षक पुरवण्याचंच. नोकरी इमानाची आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. पण ज्या माणसानं बर्फात शंभर जणांचं रेशन वेळेवर पोचवलंय, त्याच्याकडून आपण फक्त व्हिजिटर रजिस्टरवर सह्या घ्यायच्या? हे म्हणजे घोड्याला टांग्याऐवजी बाबागाडीला जुंपण्यासारखं झालं.

कॅम्प दापोलीची गँग

फौजेतून सुटलेल्या माणसांनी एकत्र येऊन समाजाचं काम हाती घ्यायचं, ही आयडिया काही आजची नाही. वीकेंडला तुम्ही दापोलीला जाता ना, मुरुड-कर्दे बीच वगैरे? त्याच दापोलीला जुनी माणसं 'कॅम्प दापोली' म्हणतात. इंग्रजांच्या काळात तिथे निवृत्त देशी सैनिकांची मोठी वस्ती होती. त्यात महार पलटणींमधून निवृत्त झालेले पुष्कळ जण होते. फौजेत त्यांना लिहायला-वाचायला मिळालं, हुद्दे मिळाले. गावी परतल्यावर मात्र पुन्हा तीच शिवाशीव, तेच वेशीबाहेरचं जिणं.

गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यापैकीच एक. महाडजवळच्या रावढूळचे. १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झाले. पेन्शन घेऊन गप्प बसणं सोपं होतं. त्यांनी त्याऐवजी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' नावाची पुस्तिका काढून अस्पृश्यतेबद्दल धर्ममार्तंडांनाच जाहीर प्रश्न विचारले. मग 'अनार्य दोषपरिहार मंडळ' काढलं. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा १८९० च्या दशकात ती पुन्हा सुरू करावी म्हणून सरकारकडे अर्ज करण्यात पुढे कोण? हेच पेन्शनर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीलाच होते, आणि पोरांच्या शिक्षणाचा त्यांचा ध्यास तर सगळ्यांना ठाऊकच आहे.

थोडक्यात काय, तर महाराष्ट्रातल्या माजी सैनिकांच्या अगदी सुरुवातीच्या संघटित कामांमधलं हे एक काम शाळेचं आणि माणुसकीच्या हक्काचं होतं. पोटाला पेन्शनचा आधार होता, म्हणून गावच्या सावकारापुढे आणि पाटलापुढे मान तुकवायची गरज नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

ट्रक ड्रायव्हरचं गाव

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. राळेगणसिद्धी, अण्णा हजारे. २०११ मध्ये 'मी अण्णा' लिहिलेली टोपी तुमच्यापैकी कित्येकांनी घातली असेल. तो भाग बाजूला ठेवू. त्याच्या छत्तीस वर्षं आधीचं बघू.

फौजेत ट्रक चालवणारा हा जवान १९६५ च्या युद्धात खेमकरणला होता. हल्ल्यात सोबतचे गेले, हा वाचला. १९७५ मध्ये पेन्शन घेऊन पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावी आला. गाव कसं? पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, विहिरी कोरड्या, आणि दारूच्या भट्ट्या तीसेक. पाणी नाही, पण दारू आहे!

अण्णांनी सुरुवात केली ती यादवबाबांच्या पडक्या देवळापासून. फौजेतून मिळालेले पैसे स्वतःच घातले. लोक बघत होते. स्वतःच्या खिशातले पैसे गावासाठी घालणारा माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल. मग श्रमदान सुरू झालं. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचं काम उभं केलं होतं, ते अण्णा जाऊन बघून आले. त्याचं गणित साधं आहे. टेकडीवर पडलेलं पाणी पळू द्यायचं नाही. उतारावर सम पातळीत चर खणायचे, ओढ्यावर बांध घालायचे. पळणारं पाणी चालायला लागतं, चालणारं थांबतं, थांबलेलं जिरतं. काही वर्षांत विहिरींना पाणी आलं, शेतात दुसरं पीक आलं, कामासाठी बाहेर गेलेली माणसं परत यायला लागली. १९९० ला पद्मश्री, १९९२ ला पद्मभूषण, आणि राज्य सरकारची आदर्श गाव योजना याच मॉडेलवर बेतलेली.

पण थांबा, याला दुसरी बाजूही आहे. दारू पिऊन आलेल्याला देवळाजवळच्या खांबाला बांधून फटके द्यायची पद्धतही याच गावातली. अण्णांनी ती कधी लपवली नाही. टीका झाली, आणि ती बरोबरच होती. बराकीत हुकूम चालतो, कारण तिथे सगळ्यांनी वर्दी स्वतःहून घातलेली असते. गावात माणसं भरती होऊन येत नाहीत, जन्माला येतात. त्यांना 'सावधान-विश्राम' लावता येत नाही.

याचं उत्तरही महाराष्ट्रातच सापडलं. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं, तर आज मतदान घेता येतं. 'उभी बाटली की आडवी बाटली?' बायका रांग लावून शिक्का मारतात आणि दुकानाला टाळं लागतं. पट्ट्यापेक्षा मतपेटी केव्हाही टिकाऊ. फौजी शिस्तीचा गावाला फायदा व्हायचा, तर ती फौजीनं आधी स्वतःला लावावी आणि गावाला ग्रामसभेत विचारावं. ही अट ज्यांना जमते, त्यांचं काम टिकतं.

झाडं लावायची आणि राखायचीही

माजी सैनिकांना समाजकामासाठी पुन्हा वर्दी द्यायची, हा प्रयोग सरकारनंही केलाय. नाव आहे 'इकॉलॉजिकल टास्क फोर्स'. टेरिटोरियल आर्मीची ही बटालियन, आणि तिच्यात भरती होतात मुख्यतः माजी सैनिक. पहिली उभी राहिली १९८२ मध्ये डेहराडूनला. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे डोंगर ओरबाडून पांढरे पडले होते, ते पुन्हा हिरवे करायचं काम या मंडळींना दिलं. आपल्याकडे मराठवाड्यासाठी अशी बटालियन २०१७ च्या सुमारास औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला उभी राहिली. १३६ इको बटालियन, महार रेजिमेंटची. शंभरेक वर्षांपूर्वी ज्या भरतीसाठी दापोलीचे पेन्शनर अर्ज करत होते, त्याच नावाची पलटण आता दुष्काळाशी लढायला!

वृक्षारोपण काय, आपणही करतो. ऑफिसच्या सीएसआर डेला टी-शर्ट घालून जातो, रोप लावतो, सेल्फी काढतो आणि मिसळ खाऊन परत येतो. रोपाचं पुढे काय झालं, हे कोण बघतंय? मराठवाड्याच्या उघड्या टेकडीवर रोप जगवायचं, तर उन्हाळ्यातच खड्डे तयार लागतात, पहिल्या पावसात रोप लागावं लागतं, आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी, गुरं आणि वणवा या तिघांशी भिडावं लागतं. इथे कामाला येते ती फौजी सवय. हा पट्टा तुझा, याचा जबाब तू द्यायचास. एवढं ठरलं की रोपं जगतात.

पुण्याचंही उदाहरण आहे. निवृत्त कर्नल सुरेश पाटील यांच्या 'ग्रीन थंब' संस्थेनं खडकवासला धरणातला गाळ काढायचं काम हाती घेतलं. गाळ निघाला की धरणात पाणी जास्त मावतं, आणि तोच गाळ काठाला झाडांसाठी वापरता येतो. पुणेकरांना फौज आणि धरण हे नातं नवीन नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याआधी रात्रभर जवान भिंतीवर वाळूची पोती रचत होते. त्यांनी मिळवून दिलेल्या त्या काही तासांमुळे पूर मध्यरात्रीऐवजी दिवसाउजेडी आला आणि असंख्य जीव वाचले.

नळाचा पत्ता: मोखाडा

आता जरा घराजवळ येऊ. मुंबईकर मंडळी, सकाळी शॉवरखाली उभे राहता ना? त्यातलं थोडं पाणी मोखाड्याचं असतं. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे. १०२ मीटर उंच, २०१४ पासून मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी बांधलेलं. आणि त्याच जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. साखरशेतसारख्या गावांच्या या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे राळेगणच्या पाचपट! पण उतार तीव्र, खाली काळा कातळ. पाऊस येतो आणि पावसाळ्याबरोबरच निघून जातो. होळीनंतर बायकांच्या डोक्यावर हंडे येतात आणि पुरुष वीटभट्टीवर किंवा बांधकामावर निघून जातात.

मग इथे कुणी फौजी का परतला नाही? कारण इथून फारसं कुणी गेलंच नाही. महाराष्ट्रात भरतीचा जुना पट्टा देशावरचा. साताऱ्याजवळचं अपशिंगे घ्या. गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण गेले, त्यांचं स्मारक गावात उभं आहे. तिथल्या पोराला भरतीची माहिती घरातच मिळते. १६०० मीटर किती वेळात धावायचं, बीम किती मारायचे, नऊ फुटी खड्डा कसा ओलांडायचा, हे शिकवायला गल्लीत चार माजी सुभेदार असतात. अशा गावांत पहाटेच्या अंधारात पोरांना पळवणारा माजी सैनिक बघा. फी न घेता चालणारी ही त्याची समाजसेवाच. जव्हारच्या वारली-कोकणा पोराचे पाय डोंगर चढून तयार झालेले असतात, फक्त त्याला सांगणारं घरात कुणी नसतं. साताऱ्याचे चार निवृत्त उस्ताद सहा महिने इथे येऊन राहिले तर? भरतीची तयारीही होईल आणि चर खणायला हातही मिळतील.

हा प्रश्न आता थांबणारा नाही. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यातले २५ टक्केच कायम होणार. पहिली तुकडी त्याच वर्षाच्या अखेरीला ट्रेनिंगला गेली, म्हणजे तिची चार वर्षं भरतात २०२६ च्या अखेरीला. बाकीचे तीन चतुर्थांश घरी. हातात सेवा निधीचे पावणेबारा लाखांच्या आसपास, वय बावीस ते पंचवीस, आणि पेन्शन नाही. आठवतंय, मघाशी काय म्हटलं होतं? दापोलीच्या वलंगकरांपासून राळेगणच्या अण्णांपर्यंत, सगळ्यांच्या मागे पेन्शनचा आधार होता. तेवढ्यावर ते कुणाचे मिंधे न होता गावासाठी उभे राहू शकले. या नव्या पोरांच्या मागे तो आधार नसेल. त्यांना गावात मानाचं आणि पगाराचं काम मिळालं, तर दर तालुक्याला एक इको कंपनी उभी राहील. नाही मिळालं, तर आपल्या गेटवर सलाम ठोकणारे 'काका' पंचविशीतलेच असतील. म्हणजे कदाचित आपल्यापेक्षाही लहान.

तुम्ही काय कराल?

• ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून. तो छोटा झेंडा फक्त शर्टाला लावू नका, निधीही द्या. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय असतं.

• १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. १९५३ मध्ये याच दिवशी फील्ड मार्शल करिअप्पा निवृत्त झाले. तिळगूळ द्यायला कारण एक असताना दोन!

• पुण्यात असाल तर खडकीची दोन नावं लक्षात ठेवा: जखमी जवानांना हातचं कौशल्य शिकवणारी, १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, आणि १९७४ पासूनचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर.

• कंपनीचा पुढचा सीएसआर डे ठरवताना रोपं कमी लावा, पण ती तीन वर्षं राखायला एखाद्या माजी सैनिकाला पगार द्या.

• आणि हो, उद्या गेटवर कार्ड स्वाइप करताना दोन मिनिटं थांबा. पलटण विचारा. मीटिंग गेली खड्ड्यात. नऊ फुटी!