डायनोसॉरच्या काळातील चिचुंद्री आणि आपल्या विहिरीचा दगड

बुलढाणा जिल्ह्यात विहीर खोदणाऱ्याला जमिनीचे थर शिकवावे लागत नाहीत. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेला लाव्हा. लोणारच्या विवराच्या कडांत त्याचे थरावर थर दिसतात. (लोणारचे विवर लवणासुराचे नव्हे, आणि तिथल्या उल्केने डायनोसॉरही मेले नाहीत. ती कोट्यवधी वर्षांनंतर पडली.)

हा लाव्हा सतत वाहत नव्हता. मधल्या शांत काळात तळी साचत, गाळ बसे, जनावरे पाण्यावर येत. पुन्हा लाव्हा आला की सारे झाकले जाई. आज तेलंगणात असलेल्या नस्कल गावाजवळच्या अशाच गाळात जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी या शास्त्रज्ञांना सस्तन प्राण्याचे दात मिळाले. १९८८ साली ते जगापुढे आले. डायनोसॉरच्या शेवटच्या काळातला, भारतात सापडलेला हा पहिलाच सस्तन प्राणी. चिचुंद्रीएवढा असावा. पुढे मिळालेल्या घोट्याच्या हाडांवरून तो झाडावर चढत असावा असे दिसते. नाव डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी. यातले हिस्लॉप म्हणजे १९ व्या शतकात नागपूरला राहून टाकळीच्या परिसरात जीवाश्म गोळा करणारे मिशनरी. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

हे दात शोधतात कसे? माती वाळवून पाण्यात भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची, उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचा. आपल्या आयाबहिणी तांदळातले खडे निवडतात तसेच. फक्त दाणा एक-दोन मिलिमीटरचा.

लहानांनी मोठ्यांना हरवले, असे भाषणात सांगायला बरे वाटते. आम्हाला ते पटत नाही. सस्तन प्राणी कोट्यवधी वर्षे डायनोसॉरच्या सोबतच राहत होते. सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून नाव पडलेल्या, त्याहून कितीतरी जुन्या खडकांतही त्यांचे दात मिळाले आहेत. डायनोसॉर संपले, जागा मोकळी झाली, तेव्हा त्यांची वाढ झाली. कारण बदलले, परिणाम बदलला. सृष्टी ईश्वराने घडवली हा विश्वास धम्मात बसत नाही, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मांडले आहे. त्याचा पुरावा असा मातीत पडलेला असतो. म्हणूनच २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली, ते आम्हाला खटकते. त्या अभ्यासक्रमाला असलेल्या मुलांना आईबापांनी, विहारातल्या वर्गांनी हा धडा शिकवावा.

आणि खाणीत, विहिरीवर राबणाऱ्या बांधवांना एक विनंती. दोन काळ्या थरांच्या मधे राखाडी किंवा पांढरट गाळाचा दगड लागला, त्यात गोगलगायीचे शंख किंवा पानांचे ठसे दिसले, तर फोडू नका. किती फुटांवर लागला ते लिहा, वरखालचा दगड कोणता तेही लिहा, आणि जवळच्या कॉलेजातील भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा. थरातून सुटलेल्या तुकड्याचे वय सांगणे फार अवघड जाते.