नाराजी आहे, पण पर्याय कुठला?

कर्जत, खालापूर, खोपोली आणि माथेरान मिळून कर्जत विधानसभा मतदारसंघ होतो. २०२४ला इथली खरी झुंज सत्ताधारी महायुतीच्या घरातच झाली. शिवसेनेचे (शिंदे) महेंद्र थोरवे यांच्यासमोर अजित पवारांच्या राष्ट्रवादीतून बंडखोरी केलेले अपक्ष सुधाकर घारे उभे राहिले. थोरवे सहा हजारांहून कमी मतांनी निवडून आले. ठाकरे गटाचे नितीन सावंत तिसऱ्या क्रमांकावर राहिले. म्हणजे सरकारवर नाराज मतदाराला तुल्यबळ पर्याय मिळाला, तोही सरकारच्याच गोटातला. हा मतदारावर अन्याय आहे. त्यात पक्षाचाही भरवसा नाही: थोरवे स्वतः २०१४ला शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) लढले, २०१९ला शिवसेनेकडून जिंकले आणि २०२२ला शिंदेंसोबत गेले.

मग नाराज मतदाराने करायचं काय? मतदान यंत्रावर सर्वांत खाली, मतपत्रिकेवर काळी फुली असं चिन्ह असलेलं बटण असतं. तो ‘नोटा’, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय, २०१३पासूनचा. विधानसभेत ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली तरी त्याच्या खालोखाल मतं मिळवलेला उमेदवार विजयी होतो. नगरपरिषदेत तसं नाही. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८च्या आदेशानुसार तिथे ‘नोटा’ पहिला आला, तर फेरनिवडणूक घ्यावी लागते. खोपोली-कर्जतच्या मतदारांनो, हा हक्क लक्षात ठेवा.