वांग, लाली आणि नागपूरचे ऊन

चेहऱ्यावरचा वांग, उन्हाने उमटलेले तपकिरी डाग आणि गालांवर टिकून राहिलेली लाली यांवर प्रकाशाने उपचार करणारी यंत्रे नागपुरात धंतोली-रामदासपेठेच्या दवाखान्यांपर्यंत पोचली आहेत. परंतु ती मुळात गोऱ्या कातडीसाठी आणि सौम्य उन्हाच्या देशांत घडवली गेली, आणि येथे त्यांचा उपयोग किती व अपाय किती हे याच गोष्टीवरून ठरते.

या यंत्रांचा सैद्धांतिक पाया रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी १९८३ मध्ये घातला. त्वचेचे रंगद्रव्य मेलॅनिन आणि रक्तातील हिमोग्लोबिन विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश अधिक शोषून घेतात. हा प्रकाश इतका क्षणिक सोडला की आत निर्माण झालेली उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच तो थांबावा, तर लक्ष्य तेवढे भाजते आणि शेजारची ऊती शाबूत राहते. मेलॅनिनच्या सूक्ष्म कणासाठी हा क्षण सेकंदाच्या अब्जांशांत मोजावा लागतो, तर दशांश मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिनीला काही मिलिसेकंद पुरतात. म्हणून डागांसाठी १,०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड लेसर वापरतात आणि लालीसाठी ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा डाय लेसर. ‘आयपीएल’ला लोक लेसरच म्हणतात, पण तो झेनॉन वायूचा दिवा असून सुमारे ५०० ते १,२०० नॅनोमीटरचा मिश्र प्रकाश फेकतो, आणि त्यातला नको तो भाग काचेची गाळणी अडवते.

खरी अडचण येथून सुरू होते. थॉमस फिट्झपॅट्रिक यांच्या वर्गीकरणात त्वचेचे सहा प्रकार असून बहुसंख्य भारतीय चौथ्या व पाचव्या प्रकारात मोडतात. अशा त्वचेत वरच्या थरातच मेलॅनिन भरपूर असल्याने रक्तवाहिनीसाठी सोडलेला प्रकाश वाटेतच शोषला जातो, कातडी भाजते, आणि जो डाग घालवायचा त्याहून गडद डाग मागे राहू शकतो. जाणकार डॉक्टर त्यामुळे अधिक तरंगलांबीची गाळणी, कमी ऊर्जा, लांब स्पंद आणि गार टोक वापरतात, तसेच आधी छोट्या जागेवर चाचणी घेऊन काही आठवडे वाट पाहतात. ही वाट पाहणे उपचाराचाच भाग मानले पाहिजे.

वांगाच्या बाबतीत तर यंत्राला शेवटचे स्थान आहे. ऊन, गर्भारपण, संप्रेरकांच्या गोळ्या आणि आनुवंशिकता यांमुळे रंगपेशी अतिक्रियाशील झालेल्या असतात; साचलेले मेलॅनिन फोडले तरी त्या नवे तयार करतात, आणि उष्णतेनेही त्या चेतवल्या जातात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या शहरात स्कूटरवरच्या मुली चेहऱ्याभोवती दुपट्टा गुंडाळतात तो योग्यच, पण तेवढ्याने भागत नाही, कारण सावळ्या त्वचेला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काळवंडवतो. म्हणून लोहाच्या ऑक्साइडचा रंग मिसळलेले सनस्क्रीन लागते. ते नियमित लावण्याची तयारी नसेल, तर लेसरवर पैसे खर्चू नयेत.

लालीमागे पुष्कळदा वेगळेच कारण असते. गोरे होण्यासाठी औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडयुक्त मलमे महिनोन्‌महिने चोळल्याने त्वचा पातळ होते, वाहिन्या उघड्या दिसू लागतात आणि उन्हात चेहरा जळजळतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी सवय मोडलेली नाही. या चेहऱ्यावर पहिल्याच दिवशी दिवा धरणे चूक होय. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मलम थांबवावे लागते, आणि ‘मेडिकल’ वा ‘मेयो’ या शासकीय रुग्णालयांतील त्वचारोग विभागात दाखवण्यासारखी तक्रार हीच आहे. याउलट बाळाच्या चेहऱ्यावरच्या जन्मजात लाल डागावर, जिथे मलमाचा काहीच उपयोग होत नाही, डाय लेसर हाच आजवरचा सर्वांत भरवशाचा उपाय ठरला असून तो लवकर सुरू केलेला बरा.