कोंबड्यांतील जंत व त्यांवरील उपाय

पावसाळ्यात अंगणातील पिले पुरेसे दाणे टिपूनही वाढत नाहीत, तुरे फिकट पडतात, पंख लोंबतात, शीट पातळ होते व तलंगा अंड्यांवर उशिरा येतात. अशा वेळी खाद्य निकस असावे असे समजले जाते. परंतु पुष्कळदा खरे कारण आतड्यातील जंत हे असते. तीन महिन्यांच्या आतील पिलांना त्यांचा उपद्रव विशेष होतो. जंत फार झाल्यास आतड्याचा मार्ग बंद होऊन पिले दगावतात.

जंतांचा प्रसार

सर्वसामान्यपणे आढळणारा गोलकृमी पांढरट असून ५ ते १२ सें. मी. लांब असतो. त्याची अंडी शिटेबरोबर बाहेर पडतात. ताजे अंडे अपायकारक नसते. ऊब व ओल मिळाल्यास साधारणतः दोन आठवड्यांत त्यात अळी तयार होते. असे अंडे दाण्यापाण्याबरोबर पोटात गेले की पाच ते आठ आठवड्यांत नवा जंत पूर्ण वाढतो. चपट्या पट्टकृमींचा प्रसार मात्र मुंग्या, भुंगेरे यांसारखे कीटक खाल्ल्याने होतो.

औषधोपचार

प्रथम शिटेचा नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावा, कारण सर्व जंतांवर एकच औषध चालत नाही. गोलकृमींवर पिपरॅझिन गुणकारी आहे. तथापि त्याने पूर्ण वाढलेले जंतच पडतात, आतड्याच्या अस्तरातील अळ्या वाचतात. म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मात्रा द्यावी लागते. पट्टकृमींवर पिपरॅझिनचा उपयोग होत नाही. त्यासाठी प्राझिक्वांटेलसारखे निराळे औषध लागते. मात्रा पक्ष्यांच्या वजनावर अवलंबून असल्याने ती पशुवैद्यांकडूनच ठरवून घ्यावी. औषध दिल्यावर अंडी व मांस किती दिवस वर्ज्य करावे, हेही विचारावे.

खुराड्याची निगा

औषधाने पोट स्वच्छ होते, जमीन होत नाही. जंतांची अंडी ओलसर मातीत महिनोन् महिने टिकतात व साध्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. खुराडे तसेच राहिल्यास औषधाचा खर्च वाया जातो. म्हणून मात्रा दिल्यानंतर पडलेली शीट लगेच गोळा करून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावी. पुढे आठवड्यातून एकदा तरी खुराडे झाडावे, म्हणजे अंड्यांत अळी तयार होण्यापूर्वीच ती दूर होतील. जमीन कोरडी ठेवावी, ऊन आत येऊ द्यावे, दाणापाणी उंच भांड्यांत ठेवावे व पिले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी वाढवावी.

ग्रामसेवकांनी औषधाची माहिती देताना खुराडे स्वतः पाहावे. पिले वाचवण्याचे निम्मे काम तेथेच होते.