प्रश्न पोरांचे, फोन सगळ्या घराचा

पाळी महिनाभर पुढे गेली तर काय समजायचे? झोपेत वीर्य जाते, त्याने ताकद जाते का? अंगावरून पांढरे जाते, खाज सुटते, कुणाला दाखवायचे? हे प्रश्न आपल्या वस्तीतल्या पोरापोरींना पडतात. विचारायचे कुणाला? आईजवळ लाज, बापाचा धाक, आणि शाळेत तो धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून दिलेला. मग पोरगा लोकलच्या डब्यात चिकटवलेली गुप्तरोगाची जाहिरात वाचतो आणि भोंदू डॉक्टरच्या पायरीवर पैसे ओतून येतो. आता तीच जाहिरात मोबाईलवर येते, एवढाच फरक.

या प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून पूर्वी खटला भरला जाई. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना स्पष्ट उत्तरे देत. 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील होत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. पण आपल्या घरात हा विषय निघाला की 'छी' म्हणणाऱ्यांनी बाबासाहेब त्या दिवशी कुणाच्या बाजूला उभे होते, हे आठवावे.

कर्व्यांना पत्राने विचारत, तसे आज मोबाईलवरून तोंड न दाखवता विचारता येते. केंद्र सरकारने 2014 साली 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यातून 2017 मध्ये 'साथिया सलाह' हे मोबाईल ॲप आले, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी फुकट फोनची सोय. आफ्रिकेतल्या केनिया आणि टांझानियात 2010 च्या सुमारास याहूनही साधी योजना निघाली होती. साध्या फोनवरून एसएमएस पाठवायचा. उलट एसएमएसने गोळी, निरोध, तांबी यांची माहिती यायची आणि जवळचा दवाखाना कुठे तेही कळायचे.

परंतु फोन कुणाचा? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे 55 जणींकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. बाकीच्यांनी नवऱ्याचा, भावाचा फोन मागून घ्यायचा. त्याच पाहणीत 20 ते 24 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 22 जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. सासरी फोन मागणाऱ्या सोळा वर्षांच्या सुनेने काय विचारले, हे घरभर व्हायला कितीसा वेळ लागतो? भाऊ बहिणीचा फोन तपासतो, बहिणीने भावाचा तपासलेला आम्ही तरी ऐकला नाही. मुलीला तासभर फोन द्यावा आणि नंतर त्यात डोकावू नये, एवढे तरी घरात व्हावे.

दुसरे असे की, फोन माहिती देतो. लघवी तपासत नाही, तांबी बसवत नाही. त्यासाठी सरकारी दवाखान्यातली 'मैत्री क्लिनिक' आहेत. तिथे समुपदेशक असतात, बोलणे गुप्त ठेवायचे असते. पण केसपेपरच्या खिडकीवरच मोठ्याने 'काय होतंय?' विचारले आणि रांगेत शेजारीण उभी असली, तर पोरगी तिथूनच परत फिरते. ॲप कितीही चांगले असो, ही खिडकी सुधारली पाहिजे.

कायद्याची भीतीही असते. मुलगी अठराच्या आतली आणि गरोदर असेल तर डॉक्टरला पोक्सोखाली पोलिसांना कळवावेच लागते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सांगितले, की मुलीने व पालकाने विनंती केल्यास त्या खबरीत डॉक्टरने तिचे नाव देण्याची गरज नाही. हे पुष्कळ आयांना ठाऊक नाही. आणि अठराच्या आतल्या मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागतेच. म्हणजे आईला कळणारच आहे. ते सहाव्या आठवड्यात कळते की पाचव्या महिन्यात, हे मायलेकींचे बोलणे कसे आहे त्यावर ठरते.

एचआयव्हीविषयी विचारायला 1097 हा फुकट नंबर आहे, साध्या फोनवरूनही लागतो. मैत्री क्लिनिक आपल्या भागात कुठे आणि कोणत्या वारी उघडे असते, ते आशाताईंना विचारून घ्यावे आणि कॅलेंडरवर लिहून ठेवावे.