धुराड्याचा धूर शेतावर केव्हा उतरतो?

कल्याण व अंबरनाथ तालुक्यांत भातखाचरे, भाजीचे मळे आणि कारखान्यांची धुराडी जवळजवळ आहेत. पाने करपली की सर्वांत जवळच्या धुराड्यावर संशय जातो. परंतु धूर जवळच पडेल असे नाही.

उंच धुराडे धूर नाहीसा करीत नाही. तो दूर नेऊन पातळ करते. उंची दुप्पट केल्यास जमिनीलगतचे सर्वाधिक प्रमाण साधारणपणे एक चतुर्थांशावर येते, मात्र धूर अधिक लांब उतरतो. याचे उदाहरण पूर्वीच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील डहाणूचे आहे. तेथील ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राचे धुराडे सुमारे २७५ मीटर उंच आहे. तरीही चिकू बागाईतदारांची काळजी मिटली नाही. अखेर २००७ मध्ये धुरातील गंधकाचा वायू (सल्फर डायऑक्साइड) समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा तेथे सुरू झाली.

हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार असते. त्यामुळे उंच धुराड्याचा धूर वरच आडवा पसरतो. सकाळी ऊन तापले की हवा ढवळली जाते आणि साचलेला धूर एकदम खाली येतो. त्या वेळी पानांची सूक्ष्म छिद्रे उघडी असल्याने इजा अधिक होते.

धुराड्याच्या छिद्रातून नळी घालून धुराचा वेग, तापमान व वायूचे प्रमाण मोजतात. शेताजवळची हवा यंत्राने द्रावणातून ओढून तपासतात. गंधकाच्या वायूची २४ तासांची सरासरी मर्यादा दर घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे. परंतु या सरासरीत सकाळचा अर्ध्या तासाचा धूर झाकला जाऊ शकतो. म्हणून आपल्या नोंदींना महत्त्व आहे.

त्यासाठी पुढीलप्रमाणे करावे :

१) बांधावर बांबूला कापडाची पट्टी बांधून वाऱ्याची दिशा पाहावी.

२) तारीख, वेळ, वारा व धुराचा रोख वहीत लिहावा.

३) शिरा हिरव्या राहून मधला भाग पांढरट किंवा तपकिरी झाल्यास गंधकाच्या वायूचा संशय घ्यावा. रोग व अन्नद्रव्यांच्या कमतरतेनेही अशी लक्षणे दिसतात. म्हणून पाने कृषी अधिकाऱ्यांना दाखवावीत.

४) नोंदींसह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा. मोजणी सकाळच्या वेळी व वारा जिकडे वाहतो त्या बाजूच्या शेतात व्हावी, अशी मागणी त्यात अवश्य करावी.